बोट टोचून झालं, आता ती सुई कुठे टाकायची?

माझ्या मुलाला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं. आज तो वीस वर्षांचा आहे. मध्ये एकदा मी वही घेऊन हिशेबाला बसले. साखर तपासायला दिवसाला सरासरी ५ वेळा बोट टोचलं असं धरलं, तर वर्षाला १,८२५ लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायच्या छोट्या सुया. इन्सुलिन पेनच्या सुया दिवसाला ४, म्हणजे वर्षाच्या १,४६०. अकरा वर्षांची बेरीज ३६ हजारांवर गेली. एका मुलाच्या, एका घरातून निघालेल्या ३६ हजार सुया. त्या सगळ्या कुठे गेल्या, हा प्रश्न त्या दिवशी मला पुन्हा एकदा टोचला.

पुन्हा एकदा म्हणते, कारण पहिल्यांदा तो फार वाईट तऱ्हेने समोर आला होता. सुरुवातीचे काही महिने मी वापरलेलं लॅन्सेट कागदात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकत होते. डोकं सगळं आकड्यांत अडकलेलं असायचं. रात्री साखर खाली तर जाणार नाही ना, सकाळी किती येईल, शाळेत कोण बघेल. सुईचं काम संपलं की ती माझ्यासाठी संपत होती. एका सकाळी कचरा नेणाऱ्या ताईंनी दार वाजवलं. त्यांच्या अंगठ्याखाली रक्ताचा थेंब होता आणि दुसऱ्या हातातल्या आमच्या पिशवीतून एक निळं लॅन्सेट बाहेर आलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या घरात लहान मूल आहे ना? त्यालाही लागेल हो हे."

मी त्यांना तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दोनच गोष्टी आधी विचारल्या. सुई कोणाची होती? टोचून किती वेळ झाला? सुई माझ्या मुलाची आहे हे माहीत होतं, म्हणून पुढचं सोपं झालं. त्याचं रक्त तपासलं, त्यात रक्तातून पसरणारा कोणताही आजार निघाला नाही. ताईंनी हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची, लस कधीच घेतलेली नव्हती. ती सुरू झाली : पहिला डोस त्याच दिवशी, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. मधल्या काळात त्यांच्या रक्ताच्या तपासण्याही झाल्या आणि सगळ्या चांगल्या आल्या. पण ते सहा महिने रोज सकाळी दार उघडताना मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. तीच सुई पन्नास घरांच्या कचऱ्यातून आली असती, तर ती कोणाची हे कोणालाच सांगता आलं नसतं.

तेव्हापासून आमच्या घरात सुयांची एक पद्धत बसली. ती मी इथे लिहिते आहे. तुमच्या घरी दिवसाला एकदा साखर बघत असाल किंवा आठवड्यातून दोनदा, तरी पद्धत तीच. सुया थोड्या असल्या म्हणून ती बदलत नाही.

आधी डबा, मग सुई

नवं ग्लुकोमीटर, म्हणजे साखर मोजायचं मशीन, घरी आलं की सगळे त्याचं पुस्तक वाचतात, रक्ताचा थेंब घ्यायची पहिली स्ट्रिप लावून बघतात. माझं सांगणं आहे, पहिलं बोट टोचण्याआधी डबा तयार करा. डबा समोर नसेल तर सुई "आत्तापुरती" टेबलावर राहते, आणि तिथून ती कुठेही जाते. सोफ्याच्या फटीत, कपड्यांच्या ढिगात, मुलांच्या पायाखाली.

वापरलेल्या सुया ठेवायला खास बनवलेले, न भोसकणारे डबे मिळतात. ते मिळत असतील तर तेच घ्या. त्यांच्या तोंडाला अशी झडप असते की सुई आत जाते पण उलटी बाहेर येत नाही. आम्हाला सुरुवातीला ते मिळाले नाहीत, म्हणून कपडे धुण्याच्या द्रव साबणाचा जाड प्लॅस्टिकचा कॅन वापरला. आजही तेच वापरतो. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, खास डबा नसेल तेव्हा सुचवलेला पर्यायही हाच आहे : जाड प्लॅस्टिक, न गळणारं, सुईने न भोसकलं जाणारं, सरळ उभं राहणारं आणि घट्ट झाकणाचं भांडं.

प्लॅस्टिक किती जाड हवं, हे मी अंगठ्याने बघते. बाजूला जोरात दाबलं आणि सहज आत गेलं, तर तो डबा बाद. पाण्याची बाटली इथेच बाद होते. बऱ्याच घरांत लॅन्सेट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत साठवतात, टाकायला अगदी सोयीची वाटते. पण कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो. त्या दाबाखाली पातळ बाटली चेपते, झाकण उडतं आणि आतल्या सगळ्या सुया एकदम मोकळ्या होतात. एकेक सुई टाकण्यापेक्षा हे जास्त वाईट. काचेची बरणी फुटते, मग सुयांबरोबर काचाही. पुठ्ठ्याचा खोका ओला झाला की संपला. पत्र्याच्या डब्याचं वरचं प्लॅस्टिकचं झाकण नुसतं बसवलेलं असतं, पडला की उघडतो.

तोंडाकडेही लक्ष द्या. फार अरुंद असेल तर पेनची सुई तिच्या टोपणासकट तोंडातच अडकते. आणि अडकली की माणसाचा हात आपोआप बोटाने आत ढकलायला जातो. फार रुंद असेल तर मुलाचा हात आत जाऊ शकतो. माझ्या मते दोन बोटं जेमतेम जातील एवढं तोंड बरं. डबा वापरात आल्यावर मात्र त्यात बोट घालायचं नाही, कधीच नाही. काही अडकलं तर डबा टेबलावर हलकेच आपटा.

कॅन रिकामा झाला की धुऊन पूर्ण वाळवते. मग दोन गोष्टी करते. पक्क्या शाईच्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिते, "वापरलेल्या सुया. उघडू नका. पुन्हा वापरू नका." आणि तळापासून पाऊण उंचीवर आडवी रेघ मारते. रेघ आधीच मारायची. डबा भरत आल्यावर "अजून थोड्या मावतील" असं वाटतंच, आणि भरगच्च डब्यात शेवटची सुई टाकताना वरच्या सुईने बोटाला लागतं. रंगीत प्लॅस्टिकमधून आतलं दिसत नाही. मी रात्री दिवा घालवून कॅनच्या मागे टॉर्च धरते, मग सुया कुठपर्यंत आल्या ते सावलीसारखं दिसतं. आमचा पाच लिटरचा कॅन साधारण तीन महिने पुरतो.

डबा ठेवायचा कुठे? जिथे साखर तपासता तिथेच, हात पोचेल असा, पण लहान मुलांच्या आवाक्याच्या वर. बाथरूमच्या कपाटात ठेवला आणि तपासणी जेवणाच्या टेबलावर असेल, तर थकलेल्या दिवशी कोणी उठून जात नाही. मी तीनदा जागा बदलली, तेव्हा कुठे सवय टिकली.

टोचताना आणि टोचल्यानंतर

आमचा क्रम सांगते. आधी डब्याचं झाकण उघडायचं. मग साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. कोमट पाणी असेल तर बोटात रक्तही चांगलं येतं. फळ कापलेल्या हाताने, हात न धुता तपासलं, तर बोटावरची साखर थेंबात मिसळून आकडा खोटाच वर येतो. स्पिरिट लावत असाल तर ते पूर्ण वाळू द्या, ओलं राहिलं तर जळजळतं आणि थेंबही बिघडतो. स्ट्रिप मशीनला लावून ठेवायची, मग नवं लॅन्सेट बोट टोचायच्या पेनमध्ये बसवून त्याचं गोल टोपण पिळून काढायचं. बोटाच्या पेराच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथे दुखतं कमी. पेनवरचे आकडे खोलीचे असतात, सगळ्यांत लहान आकड्यापासून सुरुवात करून थेंब नीट येईल तिथे थांबायचं. लॅन्सेटच्या खोक्यावरचा गेजचा आकडा मात्र उलटा चालतो : २८ जाड, ३३ बारीक. माझ्या मुलाला लहानपणी ३३ नेच बरं वाटायचं.

थेंब दिला, आकडा आला. आता सगळं लक्ष त्या आकड्याकडे जातं, आणि नेमकी हीच वेळ धोक्याची असते. आकडा ५२ आला की आई धावणारच, मीही धावते. साखर खाली गेली असेल तर मूल आधी, हे खरंच. म्हणून आम्ही ठरवलं की पेन उघडं ठेवून धावायचं नाही, टोपी लावून धावायचं. त्याला एक सेकंद लागतो.

लॅन्सेट काढण्याच्या दोन रीती आहेत. बऱ्याच पेनांना मागे ढकलायचा खटका असतो. पेनची टोपी काढायची, पेनचं तोंड डब्याच्या तोंडावर धरायचं आणि खटका दाबायचा. सुई थेट आत पडते, हाताचा संबंधच येत नाही. माझ्या मते हीच सगळ्यांत चांगली. खटका नसेल तर मघाशी पिळून काढलेलं ते गोल टोपण टेबलावर सपाट ठेवायचं आणि पेन हातात धरून सुईचं टोक त्याच्या मधोमध खुपसायचं. टोक झाकलं गेलं की लॅन्सेट ओढून काढून डब्यात टाकायचं. टोपण दुसऱ्या हाताच्या बोटांत धरून त्यात सुई घालायला जाऊ नका. घरात सुई लागते ती बऱ्याचदा अशीच, थरथरत्या हाताने किंवा चष्मा नसताना.

इन्सुलिन पेनच्या सुईचंही असंच. तिला दोन टोपणं असतात, आतलं बारीक आणि बाहेरचं मोठं. आतलं काढलं की टाकून द्या, परत लावायला जाऊ नका, ते इतकं बारीक असतं की बोट हमखास चुकतं. बाहेरचं टोपण टेबलावर उभं ठेवा, एका हाताने पेन धरून सुई त्यात उतरवा, मग टोपणासकट पिळून काढा आणि डब्यात टाका. सुई पेनवर तशीच ठेवायची सवय मोडा. तिच्यातून इन्सुलिन गळतं, आत हवा शिरते, आणि पुढचा डोस कमी पडू शकतो.

सुई वाकवू नका, मोडू नका, कात्रीने कापू नका. "टोक मोडलं की धोका गेला" असं काही जण समजतात. मोडलेलं टोक उडून कुठे पडलं ते सापडत नाही, आणि उरलेला तुकडाही टोचतोच. इन्सुलिनच्या सुया कापून टोक आत साठवणारं छोटं यंत्र मिळतं, ते ठीक आहे, पण लॅन्सेट त्यात घालायचं नसतं.

टोचल्यावर टोक आपोआप आत ओढलं जाणारं, एकदाच चालणारं लॅन्सेटही मिळतं. घरातल्या वयस्कर माणसाचं बोट दुसरं कोणी टोचत असेल तर मी तेच घ्यायला सांगेन, आणि टोचणाऱ्याने हातमोजे घालावेत. हे लॅन्सेट निरुपद्रवी दिसतं म्हणून साध्या कचऱ्यात टाकू नका. तेही डब्यातच.

अंगावर चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. सेन्सर बसवायच्या साधनात सुई असते. बसवून झाल्यावर ती बऱ्याचदा आत दडलेली असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ते साधनही सुयांमध्येच धरा. इन्सुलिन पंपाची नळी बसवायची सुईही त्यातच. स्ट्रिप आणि रक्त पुसलेला कापूस टोचत नाहीत. ते छोट्या पिशवीत बांधून रोजच्या कचऱ्यात टाकले तर चालतं, डबा त्यांनी भरू नका. आणि मीटरमधला बटणासारखा सेल बदलाल तेव्हा जुना सेल टेबलावर क्षणभरही ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका काही तासांतच जळू शकते. सुयांची काळजी घेणाऱ्या घरांतही हा सेल उघड्यावर पडलेला मी पाहिला आहे.

"माझीही बघ ना शुगर"

घरात मीटर आहे हे कळलं की पाहुण्यांपैकी कोणीतरी बोट पुढे करतंच. पूर्वी मी कौतुकाने करून द्यायचे. लॅन्सेट नवं लावायचे, म्हणजे झालं असं मला वाटायचं. तसं नाही. टोचताना पेनच्या टोपीच्या आतल्या बाजूला रक्ताचे डोळ्यांना न दिसणारे कण लागतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस जिवंत राहतो. वृद्धांची सामूहिक देखभाल होते अशा ठिकाणी एकच टोचणी अनेकांना वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीच्या साथी झालेल्या आहेत. म्हणूनच २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीए आणि रोगनियंत्रण बघणारी सीडीसी या दोन्ही सरकारी संस्थांनी स्पष्ट बजावलं की बोट टोचायचं पेन एकापेक्षा जास्त माणसांसाठी वापरायचंच नाही. यात नवरा-बायको, बहीण-भाऊ, आई-मूल सगळे आले. घरात दोघांना मधुमेह असेल तर दोन पेनं, दोन वेगळ्या रंगांची, वर नावं लिहिलेली. मीटरही वेगळं असलेलं बरं. तेच वापरावं लागत असेल तर दर वेळी पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीने पुसून निर्जंतुक करायलाच हवं.

पाहुण्यांना नाही म्हणणं मला जड गेलं. आता मी एकदाच चालणारी थोडी लॅन्सेट वेगळी ठेवते. फारच आग्रह झाला तर त्यातलं एक वापरते, पेनला हात लावत नाही, आणि मीटर आधी आणि नंतर पुसते. बहुतेकदा मात्र सांगते, प्रयोगशाळेत रक्त द्या, खरा आकडा तिथेच कळेल.

तेच लॅन्सेट स्वतःसाठी पुन्हा वापरावं का, हेही लोक विचारतात. खोक्यावर एकदाच वापरा असं लिहिलेलं असतं. बरेच जण पुन्हा वापरतात हे मला माहीत आहे. सुया सगळ्यांनाच परवडतात असं नाही, आणि त्यासाठी मी कोणाला दोष देणार नाही. पण प्रत्येक वापराने टोक बोथट होतं, बोट जास्त दुखतं, कातडी निबर होते. माझ्या मुलाने परीक्षेच्या दिवसांत आठवडाभर एकच लॅन्सेट चालवलं होतं. त्याची बोटं बघून मला रडू आलं होतं. पुन्हा वापरायचंच असेल तर ते फक्त त्याच माणसाने वापरायचं आणि पेनच्या टोपीत बंद ठेवायचं. सुटं लॅन्सेट खिशात किंवा पर्समध्ये कधीही नको.

सुई हरवली तर, सुई लागली तर

लॅन्सेट जमिनीवर पडलं तर हाताने चाचपडू नका. मुलांना पलंगावर बसवा, पायात चप्पल घाला, टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारा. धातू चमकतो, प्लॅस्टिकची सावली लांब पडते, लगेच दिसतं. मग चिमट्याने उचला. चादर, गोधडी अशी कापडं झटकू नका, टॉर्चखाली कोपऱ्याकोपऱ्याने उलगडा.

एवढं करूनही सुई लागते. घरातल्याच माणसाला लागली किंवा दुसऱ्या कोणाला लागली, पहिलं काम एकच. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची. पिळायची नाही, चोखायची नाही, ब्लीच किंवा दुसरं काही जहाल ओतायचं नाही. वाळवून पट्टी लावायची. स्वतःचीच, नुकती वापरलेली सुई स्वतःला लागली असेल तर एवढं पुरतं, फक्त जखमेवर लक्ष ठेवा.

दुसऱ्याची सुई लागली असेल, किंवा कोणाची ते माहीतच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. "बघू उद्या" नको, कारण इथे घड्याळ चालू असतं. एचआयव्ही रोखणारी औषधं लागलीच तर ती जितक्या लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीसाठी लस आणि गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटिस सीसाठी आधी घ्यायचं औषध किंवा लस नाही, पण वेळेवर तपासण्या केल्या आणि लागण निघाली तर आज तो बहुतेकांचा गोळ्यांनी बरा होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टर विचारतील.

घाबरलेल्या माणसाला आकडे माहीत असावेत म्हणून लिहिते. हे आकडे मुख्यतः रुग्णालयात काम करणाऱ्यांना लागलेल्या सुयांचे आहेत, आणि ज्याचं रक्त होतं त्याला तो आजार असेल तरच लागू पडतात. एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची २ टक्क्यांच्या आत, आणि लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीची ६ ते ३० टक्के. लॅन्सेट भरीव असतं, इंजेक्शनच्या सुईसारखं पोकळ नसतं. त्यामुळे त्याच्यावर रक्त कमी राहतं आणि धोकाही त्याहून कमी असतो. सगळ्यांत मोठा आकडा हिपॅटायटिस बीचा आहे, आणि नेमकी त्याचीच लस आहे. त्या सकाळनंतर आम्ही घरातल्या सगळ्यांनी ती घेतली. ज्या घरात रोज बोट टोचलं जातं, तिथे सगळ्यांनी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

डबा भरल्यावर

सुया रेघेपाशी आल्या की झाकण घट्ट लावायचं आणि त्यावरून जाड चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यायचे. त्यानंतर तो उघडायचा नाही. आतल्या सुया रिकाम्या करून डबा पुन्हा वापरायचा विचारही नको.

मग तो द्यायचा कुठे? याचं उत्तर जागोजागी वेगळं आहे. काही ठिकाणी औषधांची दुकानं किंवा दवाखाने भरलेले डबे घेतात, काही ठिकाणी नगरपालिका घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करते, काही ठिकाणी डबा टपालाने परत पाठवायची सोय असते. कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर २००८ पासून घरातल्या सुया साध्या कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. काही ठिकाणी मात्र नीट बंद केलेला, वर सुया असल्याचं लिहिलेला जाड डबा घरच्या कचऱ्यात टाकायला परवानगी असते. म्हणून आपल्या गावचा नियम विचारणं हा यातला एक भागच आहे.

विचारताना नेमकं विचारा. मी आधी दोन ठिकाणी "सुया कुठे टाकायच्या?" असं विचारलं, तर दोन्हीकडे मान हलली. तिसऱ्या ठिकाणी, मुलाचे डॉक्टर जिथे बसतात तिथे, मी विचारलं, "घरातल्या वापरलेल्या सुयांचा बंद डबा तुमच्या सुयांबरोबर पाठवाल का?" तिथल्या सिस्टरांनी लगेच हो म्हटलं. रुग्णालयाच्या सुया निर्जंतुक करून नष्ट करण्याची व्यवस्था असतेच, आमचा डबा त्यात जातो. दर तीन महिन्यांनी मुलाची तपासणी असते, त्याच दिवशी मी कॅन पिशवीतून नेते. वेगळी खेप पडत नाही.

कुठेच सोय नसेल आणि नियमांत बसत असेल, तर बंद डबा साध्या कचऱ्यात टाका आणि नेणाऱ्या माणसाच्या हातात देताना तोंडाने सांगा, "यात सुया आहेत." लिहिलेलं सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. पुनर्वापराच्या कचऱ्यात मात्र तो कधीही नको. तिथलं प्लॅस्टिक माणसं हातांनी निवडतात, आणि रिकामा कॅन समजून कोणीतरी झाकण उघडणारच. संडासात टाकून पाणी सोडू नका, सुई विरघळत नाही, ती गटार साफ करणाऱ्याच्या हाताला लागते. घरी जाळू नका, प्लॅस्टिक वितळून विषारी धूर होतो आणि सुया राखेत तशाच राहतात. पुरल्या तर पावसाने, नाहीतर कुत्र्याने कधीतरी वर येतात.

प्रवासात मोठा कॅन नेता येत नाही. मुलाच्या बॅगेत गोळ्यांची जाड, फिरकीच्या झाकणाची छोटी डबी असते, वर तेच लिहिलेलं. शाळेत, गाडीत, दुसऱ्याच्या घरी सुया त्या डबीत, आणि घरी आल्यावर डबीसकट कॅनमध्ये. हॉटेलच्या खोलीतली बादली किंवा गाडीतल्या सीटचा खिसा आमच्याकडे चालत नाही. खोली साफ करणारी बाई तिथे न बघता हात घालते.

गेल्या जूनमध्ये मुलगा शिकायला दुसऱ्या गावी गेला. सामान भरताना त्याने स्वतःच रिकामा कॅन धुऊन वाळत घातला, रेघ मारली, लिहिलं. तिथे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. खोलीतल्या मित्राने कॅन बघून विचारलं होतं की हे काय आहे, आणि याने त्याला पेन, लॅन्सेट, खटका, सगळं दाखवलं. शिवाय कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन विचारूनही आला होता. भरलेला डबा तिथे घेतात, फक्त बुधवारी.